हाताने की पाण्याने

आमचं शेत तिवरांनी खाल्लं, असं गावात सगळे म्हणतात. ते खरं नाही. शेत जनू भोईरने खाल्लं. तिवरं नंतर आली.

काळेखार हे गाव खाडीला लागून. भाताची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि मध्ये फक्त मातीचा बांध. उधाणाच्या पाण्याने बांध फुटला की आम्ही म्हणतो, खांड गेली. ज्याला ती पहिल्यांदा दिसेल त्याने ताट वाजवायचं. ताट ऐकलं की घरटी एक माणूस जेवणावरून उठून पळायचं, चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे आणि पुढची भरती चढायच्या आत भगदाड बुजवायचं. भाऊबंदकी, कोर्टकचेरी, मारामाऱ्या, सगळं तेवढ्यापुरतं बाजूला. ज्या घरचा माणूस खांडीवर आला नाही, त्या घरच्या मयताला गाव जात नसे. एवढा एकच कायदा होता आणि तो कोणी मोडला नव्हता.

आमच्या शेताशी खांड गेली तेव्हा जनू सरपंच होता. माझ्या नवऱ्याने, पोशाने, ताट वाजवलं. माणसं निघालीही होती. जनू वाटेत आडवा उभा राहिला. म्हणाला, "कोनी हात लावू नका. सरकार मशीन पाठवतंय. गावाने बांध घातला तर भरपाई बुडंल."

भरपाईच्या नावाने माणसं थांबली. मी आणि पोशा दोघंच होतो. आम्ही चिखल टाकत होतो आणि पाणी तो नेत होतं. दुसऱ्या भरतीला भगदाडातून होडी जाईल एवढी वाट झाली. मशीन कधीच आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमचं आणि आजूबाजूची शेतं मिठाने पांढरी झाली. मग खाडीतून तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, बी वाहत आलं आणि रुजलं. तिवर तोडायला कायद्याने बंदी, झाडापासून पन्नास मीटरच्या आत काही करायलाही बंदी. म्हणजे जमीन आमच्या नावावर आणि पाय ठेवायची चोरी. असली निरुपयोगी जमीन गावातल्या सगळ्यांकडून जनूने विकत घेतली. लोकांना वाटलं, उपकार केले. त्याने तिथे पोशालाच वॉचमन ठेवलं. ज्या जमिनीत त्याच्या बापाने भात लावला, तिथे पोशा खाकी शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा. त्याच खुर्चीत तो गेला. जनूने हार पाठवला. मी तो म्हशीला घातला.

शेताच्या तोंडावर सरकारी फलक होता. त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर पोरीच्या जुन्या अंकलिपीवरून अक्षरं शिकले, ती त्या फलकासाठी. आयुष्यात पहिलं वाक्य वाचलं ते असं: या क्षेत्रात प्रवेश करण्यास मनाई आहे.

मी रोज प्रवेश करत होते. ओहोटीला आत शिरायचं, मुळांखालच्या बिळातून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायच्या, चिखलातले छोटे मासे, निवट्या, धरायच्या, बाजारात बसायचं. वैजू, माझी एकुलती पोर, त्याच्यावर शिकली. मी तिवरांना शिव्या घालत असे आणि त्यांचंच खात असे. वर्षं गेली तशा शिव्या कमी झाल्या. उन्हाळ्यात आत गेलं की अंगावर थंड ओल यायची. गावात विहिरी आटल्या तरी त्या रानाच्या कडेच्या विहिरीला पाणी असे. उधाणाची लाट रानात शिरली की मुळांत अडकून दमायची आणि गावापर्यंत नुसता फेस यायचा.

मग एक दिवस रानाच्या तोंडावर मोठं चित्र लागलं. उंच इमारती, निळा पोहायचा तलाव, बाल्कनीत चहा पिणारी बाई. नाव होतं 'तिवरबाग'.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. कंपनीचा साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होता. शेजारी जनू, आता जनूशेठ, पांढऱ्या शर्टात. आणि त्यांच्याच बाजूला निळा टी-शर्ट घालून वैजू. ती कंपनीच्या रोपवाटिकेत शास्त्रज्ञ होती. मला बघून तिने मान खाली घातली नाही, ते मला आवडलं.

माझी शेजारीण यमी उठली. "आमच्या घरात पानी आलं तर?"

"पंप आहेत, आजी," साहेब म्हणाला.

"लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे."

"डिझेल संपलं तर?"

साहेब हसला. यमी म्हणाली, "मग तुमी बाल्कनीतून आमाला टाटा करा. आमी वाहत जाताना बघू वर."

हॉल हसला. साहेबाने वैजूला पुढे केलं. तिने जे सांगितलं ते मी आज तुम्हाला सांगू शकते, कारण तिने ते आमच्यासाठी सांगितलं होतं, साहेबासाठी नाही.

तिवर हळू का वाढतं? खारं पाणी पिऊन जगायचं म्हणजे झाडाची निम्मी कमाई मीठ बाहेर टाकण्यात जाते. पानाला जीभ लावून बघा, खारट लागतं. वैजूच्या प्रयोगशाळेने मिठागरातल्या एका सूक्ष्म जिवाचा गुण तिवराच्या मुळात घातला. ते मूळ मिठाला दारातच अडवतं. वाचलेली सगळी ताकद मग खोडात आणि पाल्यात जाते. साधं तिवर दहा वर्षांत जेवढं होतं तेवढं हे एका पावसाळ्यात होतं. त्याचं बी सुपारीएवढ्या मण्यात गुंडाळलेलं असतं. मण्यात थोडं खत आणि मुळांच्या सोबतीचे जिवाणू. खारं-मचूळ पाणी लागलं की मणी विरघळतो आणि बी जागं होतं. कोरड्यात ते झोपून राहतं. बी प्रयोगशाळेतच बनतं; त्यातून आलेल्या झाडाला फूल येत नाही, त्यामुळे लावलं तेवढंच राहतं.

"म्हणजे इथलं रान तोडलं," वैजू म्हणाली, "तर खाडीच्या पलीकडे त्याच्या पाचपट रान एका वर्षात उभं राहतं. आधी वाढवायचं, मग तोडायचं. नवा कायदा तसाच आहे."

"आनि चिंबोऱ्या?" मी विचारलं. "त्यांना पलीकडे बसने पाठवनार का?"

वैजूच्या ओठाचा कोपरा हलला. पण उत्तर जनूने दिलं. "गोमीबाय, तूच ना तिवरांना शिव्या घालायचीस? तुझा शत्रू मी कापतोय, तर तू मधी कशाला येतंस?"

"शत्रू माझा हाय," मी म्हटलं. "त्याला मी कापीन नायतर पालीन. तू कोन?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी काही होत नाही. परवानगी देणारं माणूस तिथे नव्हतंच. नव्या कायद्यात माणूस ठेवलाच नव्हता. 'हरितपट' नावाची यंत्रणा होती. तिवराच्या पानावरून परतणाऱ्या उजेडाला स्वतःची एक छटा असते, ती आकाशातला उपग्रह ओळखतो. पलीकडे पाचपट तिवर दिसलं की इकडची परवानगी आपोआप सुटते. आणि उलटही. ज्या जमिनीवर आपोआप उगवलेलं तिवर दिसेल, ती जमीन आणि भोवतालचे पन्नास मीटर त्याच क्षणी कुलूपबंद. बांधकाम, वीज, कर्ज, खरेदी-विक्री, सगळं गोठतं. माणसाने हाताने लावलं असेल तर मात्र ते जंगल नाही, पीक. तसं सिद्ध झालं तर कुलूप उघडतं. पाण्याने आणलेलं बी मुळात कुणाचंही असो, ते निसर्गाचं.

जनूला हा कायदा फार आवडला होता. "आता कोनाचे पाय धराया नकोत," तो म्हणायचा.

वर्षाने पलीकडे रान उभं राहिलं आणि परवानगी सुटली. इकडचं रान तुटायला पंधरवडासुद्धा लागला नाही. मशीन झाड मुळासकट उपटायचं आणि बाजूच्या तोंडात घालून भुसा करून थुंकायचं. चिंबोऱ्या रस्त्यावर आल्या. ट्रकच्या चाकाखाली त्यांचा कडकड आवाज व्हायचा. यमी आणि मी टोपल्या घेऊन गेलो आणि जेवढ्या जिवंत मिळाल्या तेवढ्या बांधापलीकडे सोडल्या. गिऱ्हाईकं विचारत होती, पण त्या दिवशी विकाव्याशा वाटल्या नाहीत.

वैजूच्या रोपवाटिकेत काही मणी वेडेवाकडे निघत. बी आत जिवंतच, पण बी पेरणाऱ्या ड्रोनच्या नळीत अडकतात म्हणून ते मारून टाकायचे. मारायचे म्हणजे कडक उन्हात वाळवून मग जाळायचे. रोपवाटिकेची जागा ओली, म्हणून वैजू ती पोती माझ्या अंगणात आणायची. आम्ही सुकट वाळत घालतो तसे ते मणी मी चटईवर घालायचे. "आये, वाळले की लगेच चुलीत घाल," ती दर वेळी सांगायची.

पहिलं पोतं मी जाळलं. रान तुटल्यावरची जाळली नाहीत. वाळत घातलीच नाहीत. भाताचं बियाणं ठेवतो तशी राखेत घोळवून कणगीत भरली. त्यांचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. माझा राग ठेवायला एक जागा हवी होती, ती त्या कणगीत मिळाली. दुपारी कधी झाकण काढून आत हात घालायचे. राख थंड असायची आणि मणी बोटांतून घरंगळायचे.

"जाळलेस ना?" वैजू विचारायची.

"जाळले," मी म्हणायचे.

इमारती वर चढत गेल्या. रानाच्या जागी कंपनीने भराव टाकला, भोवती नवा रुंद बांध घातला. त्या बांधाची एक बाजू खाडीला, एक गावाच्या उरलेल्या भातशेतीला.

गटारी अमावास्येला आमच्याकडे घराघरात मटण शिजतं आणि बाटल्या उघडतात. त्या दिवशी पावसाचं पाणी आणि अमावास्येचं उधाण एकदमच आलं. दुपारी मी भाकऱ्या थापत होते. दारात सावली पडली. जनू होता. गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्यावर पाणी.

"गोमी, बांध फुटला. खाडीकडचा."

"मशीनं हायत ना तुझी?"

"रस्ता खचलाय. पोकलेन अर्धा आत गेलाय. ड्रायव्हर सगले गटारीला पिऊन पडलेत." त्याने दाराची चौकट धरली. "भरती अजून चढतेय. आतली सगली पायाभरणी जाईल. मागोमाग गावची शेतं पन जातील. ताट वाजव."

"तू वाजव की. तुझी खांड हाय."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, "माझं ताट कोन ऐकनार, गोमी? तुझं ऐकतील."

"मग नीट सांग. काय झालं?"

"सांगितलं ना..."

"आमी काय म्हनतो त्याला? म्हन."

"खांड गेली," जनू म्हणाला.

मी ताट घेतलं. बाहेर पडून वाजवलं. पोशाने वाजवलं होतं त्याच जोराने वाजवलं. घराघरातून माणसं बाहेर आली, कुणाच्या हाताला रस्सा, कुणाचे पाय डगमगतायत, पण आली. कुणी विचारलं नाही कुणाची खांड. ताट झालं की विचारायचं नसतं.

चिखल कालवून द्यायच्या जागी सर्वांत वडीलधारं माणूस बसतं. ती जागा माझी. मी डोक्यावरून टोपली आणली होती.

"टोपलीत काय गो?" यमीने विचारलं.

"राख. राखेने चिखल धरतो."

हे सगळ्यांना ठाऊक होतंच, जुनी माणसं राख घालायचीच. मी मूठ मूठ राख टाकत गेले, चिखलात कालवत गेले, गोळा करून पुढच्या हातात देत गेले. टोपली संपली की घरी जाऊन दुसरी भरून आणली. गोळे यमीच्या हातातून पुढे, पुढच्याच्या हातातून त्याच्या पुढे. रांगेच्या मध्ये जनूही उभा होता. पांढरा शर्ट काढून उघडा, पोट सुटलेलं, माझ्याकडून आलेला प्रत्येक गोळा दोन्ही हातांनी घेऊन पुढे देत होता. तो धापा टाकत होता आणि मी त्याला एकामागून एक गोळे पाठवत होते.

फक्त भगदाडच नाही, अख्खा बांध खचत होता. संध्याकाळपर्यंत गावाने त्याच्या सगळ्या लांबीला चिखलाचा नवा थर चढवला. पाणी थांबलं. जनूने हात जोडले. लोक म्हणाले, "ऱ्हावू दे शेठ, मटन थंड झालं." आणि घरी गेले.

मणी त्या मचूळ चिखलात पडले होते, आणि दर भरतीला त्यांना पाणी मिळत होतं.

श्रावणात बांधावर हिरवी लव दिसली. कंपनीच्या लोकांना वाटलं गवत आहे, बांध धरून ठेवेल, बरंच झालं. भादव्यात ती कमरेला आली. जनूने ती उपटायला माणसं लावली. ते मणी एकेका गोळ्यात चार चार होते आणि मुळं एकमेकांत गुंतून बांधाच्या पोटात गेलेली. एक ओढलं की बांधाचा तुकडा सुटून यायचा. माणसं भिऊन परत गेली. दसऱ्याला झाडं डोक्याच्या वर होती, आणि पुढच्या निरभ्र सकाळी उपग्रहाने ती बघितली.

मी तेव्हा खाडीत होते. क्रेन मधेच थांबली. तिची वीज तुटली आणि वरचा माणूस वरच अडकला, तो हाका मारत होता. लिफ्ट, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळं गप्प झालं. ऑफिसातल्या पडद्यांवर लाल कुलूप आलं होतं म्हणे. जनू बांधावर उभा राहून फोनवर कुणावर तरी ओरडत होता, आणि पलीकडे माणूसच नव्हता. एक गोड आवाज त्याला तेच तेच वाक्य ऐकवत होता. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून ते सगळं डोळे भरून बघितलं.

पण पन्नास मीटर दोन्ही बाजूंना मोजतात. यमी त्याच दिवशी माझ्या दारात आली.

"बाय, माझा भात कापाया आलाय. फोन सांगतो, शेतात जाऊ नको, जंगल हाय. कंचं जंगल? कोनी आणलं हे?"

"मना काय ठाऊक?" मी म्हटलं.

"आपन त्या जनूची खांड बुजवली, त्याचं हे फल!" तिने बोटं मोडली. ती जनूच्या नावाने मोडली. मी तिला बसायला पाट दिला.

वैजू आली ती बांधावरून येताना एक फांदी घेऊन. तिने पान उलटं करून माझ्यासमोर धरलं. देठाच्या पोटाला बारीक तांबडी रेघ होती.

"हे आमचं आहे," ती म्हणाली. "साध्या तिवराला ही रेघ नसते."

"खाडी सगल्यांची. कुठूनही येतं."

"आये, पोती जाळलीस ना?"

मी चुलीत लाकूड सारलं. "एक जाळलं."

"आणि बाकीची?"

"तुझ्या बापाच्या नावाने पेरली."

ती खाली बसली. बराच वेळ फांदीची पानं एकेक करून खुडत राहिली. मग तिने मला समजावून सांगितलं, सुनावणीत सांगितलं होतं तसंच, शांतपणे. प्रत्येक खेपेच्या बियाण्यात एक निरुपद्रवी खूण गुंफलेली असते, बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग देतात तशी. ती तपासली की कळणार, हे वैजूने नष्ट केलं म्हणून सांगितलेलं बियाणं. मग प्रश्न एकच उरतो. ते बांधावर हाताने गेलं की पाण्याने? पाण्याने गेलं, तर वैजूचा निष्काळजीपणा. तिचा परवाना जाईल, पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत तिला उभं करणार नाहीत. हाताने गेलं, तर ज्याने लावलं तो गुन्हेगार, वैजू फसवली गेली एवढंच. पण हाताने लावलं म्हणजे पीक. कुलूप उघडणार.

"मग माझं नाव सांग," मी म्हटलं.

"मी नाही सांगणार. आयेचं नाव मी कचेरीत घेणार नाही." तिने माझ्याकडे बघितलं. "तू केलंस. सांगायचं तर तू सांग."

"जनू सुटेल."

"हो. यमीमावशीचं शेतही सुटेल."

"जनू सुटेल, वैजू."

ती उठली. पानांचा कचरा तिने ओंजळीत गोळा केला आणि चुलीत टाकला. ओली पानं चरचरली.

कुलूप उघडावं म्हणून कंपनीने अर्ज केला होता; त्याच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी जनू आला. एकटा, चालत. गाडीही गोठली होती, कर्जावरची होती.

"तूच लावलीस," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"कोनी सांगितलं?"

"राख, गोमी. माझ्या पन हाताला लागली होती. राखेत टणक काय तरी लागत होतं, मना वाटलं खडे."

"मग तू पन लावलीस. जा, सांग तसं."

"मालकाचं कोन ऐकतं? कुलूप उघडून मलाच पायजे, म्हनून खोटं बोलतो म्हनतील." तो ओट्यावर टेकला. दाढी वाढली होती. "तू बोललीस तर ऐकतील. म्हातारीला कोन काय करतो? दंड मी भरीन, वकील मी देईन. पोरीचा विचार कर. किती शिकवलंस तिला. चिंबोऱ्या विकून शिकवलंस, मी बघितलंय ना."

"बघितलंस ना."

त्याने तोंडावरून हात फिरवला. मग खाली बघत म्हणाला, "पोशाच्या खांडीवर मी लोकांना अडवलं. मशीन येनार नव्हतं, मना ठाऊक होतं. चुकलं. बस? आता तरी बोल."

इतकी वर्षं मी ते ऐकायची वाट बघत होते. कधी ऐकलं तर काय करीन याचे खूप विचार केले होते. पण त्याने ते असं सांगितलं, बाजारात शेवटी भाव पाडून देतात तसं. मी आत जाऊन तांब्या भरून आणला. दारी आलेल्याला पाणी द्यावं लागतं. तो प्यायला आणि गेला.

सुनावणी तालुक्याच्या कचेरीत होती. एक मॅडम होत्या, मध्ये माणूस लागतो तो अशा वादापुरताच. खुणेचा अहवाल पडद्यावर आला. मॅडमनी वैजूला उभं केलं.

"हे बियाणं तुमच्या ताब्यातलं?"

"हो."

"मग ते बांधावर कसं गेलं?"

"पोती उघड्यावर राहिली होती," वैजू म्हणाली. "उधाणात वाहून गेली असतील."

"असतील की गेली?"

वैजूने समोरचा ग्लास उचलला. सावकाश पाणी प्यायली. ग्लास खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. पंखा वर खडखडत होता.

माझी जीभ हलली होती. हे मी सांगते, कारण ते खरं आहे. मी खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला, उठण्यासाठी. आणि समोर जनू दिसला. तो पुढे वाकला होता, तोंड थोडं उघडं, डोळे माझ्यावर. देवळात नवस बोलताना माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता. त्याला खात्री होती. आई आहे, बोलणार. माझ्या पोरीच्या जिवावर तो वाचणार होता आणि त्याला ते आधीच कळलं होतं.

मी हात मांडीवर घेतला.

"गेली," वैजू म्हणाली.

मॅडमनी खोलीत सगळीकडे बघितलं. "कोणाला काही सांगायचंय? आजी, तुम्ही गावच्याच ना? तुम्हाला काही?"

"नाही," मी म्हटलं.

निकाल तिथेच झाला. उगवण नैसर्गिक, कुलूप कायम. वैजूचा परवाना रद्द.

परतीच्या मिनीडोर रिक्षात आम्ही दोघीच होतो. ड्रायव्हर गावचाच, त्याला बातमी आमच्याआधी लागली होती. "गोमीबाय, जनूशेठ कचेरीच्या पायरीवर बसून रडत होता म्हनं!"

"कोनी बघितलं?"

"सगल्यांनी! पानी पाजावं लागलं."

मी हसले. पोटातून आलं हसू, थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं ते पदराने पुसलं. वैजू शेजारी बसून वाट बघत राहिली, माझं हसून होईपर्यंत.

"मी मध्ये थांबले होते," ती म्हणाली. "तुला दिसलं?"

"दिसलं."

तिने मान हलवली. हायवेच्या नाक्यावर तिने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. उतरली, माझी पिशवी माझ्या मांडीवर नीट ठेवली. माझा पदर बाहेर लोंबत होता, तो चाकात जाईल म्हणून आत सारला. मग मागे न बघता मुंबईकडच्या बाजूला रस्ता ओलांडून गेली.

"वैजू इथेच उतरली?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं. "कवा येनार गावाला?"

तिवरबागेचे टॉवर इथूनही दिसत होते. एकाही खिडकीला काच नव्हती.

"चल," मी म्हटलं. "गाडी चालव."